हाकगंध

त्या वर्षी नोव्हेंबर सरत आला तरी लांगसरच्या खोऱ्यात थंडी आली नव्हती. हिमाचलातल्या या उंचीवर एके काळी दिवाळीच्या सुमारास पहिला बर्फ पडायचा, असं तिथले म्हातारे सांगत. आता सफरचंदाच्या झाडांना पानं गाळायची शुद्ध राहिली नव्हती आणि दुपारी अंगात स्वेटर नकोसा होई. बर्फ यायचा तो जानेवारीत, एकदम, दार उघडता येऊ नये इतका.

अंकुश ढेबे आपल्या साठ पेट्यांपुढे उभा होता. पेट्यांच्या दारांत माशांची ये-जा चालली होती. नवख्याला वाटावं, काय जोमात आहेत वसाहती! अंकुशला मात्र त्या गजबजीची धास्ती होती. गेल्या नोव्हेंबरातही त्या अशाच गजबजल्या होत्या, आणि फेब्रुवारीत त्यानं झाकणं उघडली तेव्हा साठातल्या एकेचाळीस पेट्या मेलेल्या होत्या. चौकटी मधानं जड, आणि मधोमध राणीभोवती मूठभर माशा एकमेकींना बिलगून कडक झालेल्या. उरलेल्या एकोणीस वसाहती विभागून त्यानं उन्हाळ्यात पुन्हा साठ केल्या होत्या.

अंकुश मूळचा जावळीच्या डोंगरातला. त्याचे वडील तिथं सातेरी माशा पाळत. पण उन्हाळे असे चढत गेले की जांभळीचा बहर आठवड्याभरात करपून जाऊ लागला. शेवटी त्या भागातली चाळीसेक मधपाळ कुटुंबं उत्तरेला आली. सफरचंदाच्या बागांना फळधारणेसाठी माशा हव्याच होत्या. सातेरी मागंच राहिली. इथं पाळायची ती मेलिफेरा, परदेशी जातीची माशी. अंकुश आला तेव्हा नुकतं लग्न झालेलं होतं. आता त्या गोष्टीला पंधरा वर्षं झाली होती.

"गेल्या हिवाळ्यात किती गेल्या?" मागून आवाज आला. डॉ. हेमांगी सरपोतदार खोऱ्यातल्या मधमाशी संशोधन केंद्रात काम करत. मूळच्या पुण्याच्या. दर वर्षी त्या प्रत्येक मधपाळाकडे जाऊन तेच प्रश्न विचारत. पेट्या किती होत्या, किती उरल्या, कशानं मेल्या असं वाटतं.

"एकेचाळीस. आणि कशाकशानं म्हणून सांगू मॅडम? माशीच्या अंगाला चिकटून रस पिणारा तो तांबडा किडा आहे. बागांतली फवारणी आहे. एखादीची राणीच म्हातारी असते. शेजारचा शेलार म्हणतो, पेटीत ओल धरते."

"सगळं खरं आहे. पण किडा आणि फवारणी पूर्वीही होतीच की. तेव्हा शंभरातल्या पंधरा जायच्या. आता सत्तर का जातात?"

 डॉक्टरांनी एका पेटीचं झाकण उचललं, धूर सोडला आणि मधली चौकट अलगद वर घेतली. घराघरांतून पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या आणि कामकरी माशा त्यांच्या घरांत डोकं खुपसून होत्या.

"ही उन्हाळ्यातली माशी किती जगते, ढेबे?"

"दीड महिना."

"आणि पूर्वी थंडीच्या तोंडावर जन्मलेली?"

"इथले जुने मधपाळ म्हणायचे, पाच-सहा महिने काढते."

"अगदी बरोबर. राणी तीच, अंडं तेच, पेटी तीच. मग एकीला दीड महिना आणि दुसरीला सहा महिने कुठून आले?" डॉक्टर चौकटीकडे बोट दाखवत सांगू लागल्या. "माशीच्या पोटात चरबीचा एक थर असतो. त्यात एक प्रथिन साठतं. तेच तिचं आयुष्य समजा. अळीला भरवायला ती जे दूध तयार करते, ते याच साठ्यातून. आणि ते तयार कर, असं तिला सांगतं कोण? अळी. अळीच्या अंगाला एक वास असतो. आम्ही त्याला हाकगंध म्हणतो. अळी त्या वासानं हाक मारते. ती हाक पोचली की दाई माशी स्वतःचा साठा मोडते आणि भरवते. भरवता भरवता म्हातारी होते."

"आणि थंडीत?"

"थंडीत राणी अंडी घालायची थांबते. अळी नाही, मग हाकही नाही. थंडीच्या तोंडावर जन्मलेल्या माशीचा साठा तसाच राहतो, म्हणून ती सहा महिने तगते आणि वसाहतीला वसंत दाखवते. आता थंडीच येत नाही. राणी डिसेंबरपर्यंत अंडी घालते, माशा झिजत राहतात आणि जानेवारीत बर्फ कोसळतो तेव्हा पेटीत सगळ्या म्हाताऱ्या उरलेल्या असतात. आठवड्यात संपतात."

त्यांनी पिशवीतून बोटभर रुंदीच्या करड्या पट्ट्या काढल्या. त्यांना त्यांनी शिशिरपट्टी असं नाव दिलं होतं. पट्टी चौकटींमध्ये टांगली की तिच्यातल्या द्रव्यामुळे माशांना हाकगंध येईनासा होई. अळी घरात असे, हाकही मारी. ती पोचत नसे, इतकंच.

पुढच्या चार दिवसांत पेट्यांच्या दारापुढे पांढऱ्या अळ्या पडलेल्या दिसू लागल्या. भुकेनं मेलेल्या अळ्या माशा स्वतःच ओढून बाहेर टाकत होत्या, केरकचरा काढावा तशा. अंकुशला ते बघवेना. पण मार्चमध्ये त्यानं झाकणं उघडली तेव्हा साठातल्या अठ्ठावन्न पेट्या जिवंत होत्या. पट्ट्या काढल्या आणि आठवड्यात त्याच माशा नव्या अळ्यांच्या घरांत डोकं खुपसून भरवू लागल्या. जणू मधे काही झालंच नव्हतं. वस्तीनं डॉक्टरांना घरोघरी जेवायला बोलावलं.

अंकुशच्या घरी त्या जेवायला गेल्या तेव्हा त्यांनी त्याच्या मुलीला, मिनूला, पहिल्यांदा नीट पाहिलं.

मिनू नऊ वर्षांची होती. जन्मताना तिचा श्वास अडकला होता. त्यातून ती जगली, पण मान धरणं, बसणं, बोलणं यातलं काही तिला आलं नाही. खिडकीपाशी गादीवर ती पडून असे. भूक, तहान, कूस बदलणं, कंटाळा, सगळ्यासाठी तिच्याकडे एकच आवाज होता. हुंऽऽ असा, खालून वर चढत जाणारा. अंकुशला तो सगळा सारखाच वाटे. त्याच्या बायकोला, सानिकाला, त्यातले वीस तरी प्रकार कळत.

"मॅडम, तुम्ही बसा हं, आलेच," म्हणून ती पोळी तव्यावर टाकून उठली. मिनूनं आवाज केलासुद्धा नव्हता. सानिका गादीपाशी पोचली आणि मग तो आवाज आला. डॉक्टर बघत राहिल्या.

जूनमध्ये सानिका नळावर बादली भरताना पडली. इस्पितळात तपासण्या झाल्या. तिचं वय सदतीस होतं आणि हृदय सत्तरीतलं. तिथल्या डॉक्टरांनी अंकुशला बाजूला घेऊन सांगितलं, की दोन वर्षं, फार तर तीन. विश्रांती द्या. अंकुशनं वस्तीतली एक बाई मिनूसाठी ठेवली, स्वतः भरवायला शिकला. पण सानिका दुसऱ्या खोलीत पडून असली तरी तिचा जीव पलीकडे लागलेला असायचा. मिनू हलली की हिची नाडी धावे. विश्रांती अशी तिला मिळतच नव्हती.

सप्टेंबरात डॉ. सरपोतदार स्वतःहून आल्या.

"मी माणसांची डॉक्टर नाही, हे आधीच सांगते," त्या म्हणाल्या. "पण दिल्लीतले माझे सहकारी माझ्याच कामावरून पुढे गेले. अंथरुणाला खिळलेल्या मुलांच्या आयांची त्यांनी तपासणी केली. त्या आया आपल्या बरोबरीच्या बायकांपेक्षा वीस-वीस, तीस-तीस वर्षांनी म्हाताऱ्या आढळल्या. कष्टांमुळे नाही. कष्ट तर नर्सही करतात. मुलाच्या प्रत्येक चाहुलीला आईचं शरीर जो प्रतिसाद देतं, त्यानं. त्याला ते संगोपनक्षय म्हणतात. जपण्यापायी होणारी झीज."

"त्यावर औषध आहे?" अंकुशनं विचारलं.

"आहे. रोज सकाळी एक गोळी. मुलाची हाक मेंदूच्या ज्या भागातून शरीराला कामाला लावते, तो भाग ती शांत करते. झीज थांबते. हृदय हळूहळू भरून येतं. एकशे चाळीस जणींनी घेतली आहे, बहुतेक सगळ्या ठणठणीत आहेत."

"म्हणजे मला मिनूचा आवाज येणार नाही?" सानिकानं विचारलं.

"येईल. स्पष्ट येईल. कळेलही. फक्त आत काही हलणार नाही."

"माया जाईल."

डॉक्टरांनी पिशवीतला कागद काढला. "आमच्या कागदात लिहिलंय, ओढ जाते, जबाबदारीची जाणीव राहते. त्या आया मुलांचं सगळं वेळेवर करतात."

"ओढ आणि मायेत फरक काय, मॅडम?" अंकुशनं विचारलं.

"खरं सांगू? मलाही नक्की ठाऊक नाही."

त्या गेल्यावर सानिका बराच वेळ मिनूचे केस विंचरत बसली. मग म्हणाली, "अहो, मला नको वाटतंय ते."

"घे तू," अंकुश म्हणाला. "दोन वर्षांनी तू नसलीस तर? मी पेट्या घेऊन खालच्या बागांत गेलो की हिला कोण बघणार? हिचं एवढंसं काही मला समजत नाही. माया नसली तरी चालेल, पण तू पाहिजेस. हिच्यासाठी घे."

तो हे पुन्हा पुन्हा बोलला, चार दिवस बोलला. पाचव्या दिवशी सकाळी तिनं मिनूला पोटाशी घेतलं, डोळे मिटून तिच्या मानेचा वास घेतला आणि गोळी गिळली.

पहिले तीन आठवडे काहीच वेगळं झालं नाही. मग एका दुपारी मिनूनं आवाज केला आणि सानिका भाजी निवडत राहिली. अंकुश दारात थबकला. मिनूनं पुन्हा आवाज केला.

"सानिका, ती बोलावतेय."

"हो, ऐकलं मी. कूस बदलायची अजून वीस मिनिटांनी आहे." तिच्या बोलण्यात राग नव्हता, कंटाळाही नव्हता. वीस मिनिटांनी ती उठली, हात धुतले, मिनूला नीट, अगदी हलक्या हातानं कुशीवर केलं, उशी लावली आणि परत येऊन बसली.

तिची तब्येत सुधारू लागली. गाल भरले. डिसेंबरात ती बागेतल्या चढावरून न थांबता वर येऊ लागली. इस्पितळातल्या डॉक्टरांनी यंत्रावर तिचं हृदय दोनदा तपासलं आणि हसून म्हणाले, ही बाई नव्वदी गाठणार. मिनूला औषध, आंघोळ, पेज, मालीश, सगळं ठरल्या वेळी मिळत होतं. तक्रार करायला बोटभरही जागा नव्हती. फक्त पूर्वी भरवताना सानिका मिनूशी अखंड काहीबाही बोलायची, ते बंद झालं होतं. बोलायला काही नव्हतंच, मग ती कशाला बोलेल?

मिनूनं मात्र हाक सोडली नाही. सगळा डिसेंबर ती हाका मारत होती. आई समोरून गेली की तो आवाज वर चढे, आई दिसेनाशी झाली की तुटे. अंकुश धावत जाई, तिला उचलून खिडकीतून बाहेर दाखवी. त्याच्या खांद्यावरून तिचे डोळे मागे स्वयंपाकघराच्या दाराकडे जात. माझ्यात काय कमी आहे, असं त्याला होई, आणि मग स्वतःचीच लाज वाटे.

"जरा जाऊन जवळ घे ना तिला," तो एकदा म्हणाला.

"घेते की. तुम्ही म्हणाल तेव्हा घेते." आणि तिनं घेतलं. मिनू एकदम शांत झाली, आईच्या तोंडाकडे टक लावून बघू लागली. बघता बघता तिचा चेहरा गोंधळल्यासारखा झाला. "आता ठेवू का?" सानिकानं विचारलं.

जानेवारीच्या मध्यावर मोठा बर्फ पडला. त्याच आठवड्यात कधीतरी मिनूच्या हाका बंद झाल्या. अंकुशच्या ते लगेच लक्षात आलं नाही. दारातला बर्फ उपसण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी घर फारच शांत वाटलं म्हणून तो खोलीत गेला. मिनू जागी होती. छताकडे बघत होती. त्यानं तिला नावानं बोलावलं, गुदगुल्या केल्या, सानिकाला आणून समोर उभं केलं. मिनूनं आईकडे एकदा पाहिलं आणि नजर पुन्हा छताकडे नेली.

मग तिचं खाणं कमी झालं. चमचा ओठाशी नेला तर ती तोंड उघडे, पण गिळायचं विसरल्यासारखं करी. सानिकानं वजन टिपून ठेवलं, इस्पितळातल्या डॉक्टरांना वेळेवर कळवलं, ताप आला त्या दिवशी स्वतःच गाडी बोलावून मिनूला इस्पितळात नेलं. छातीत कफ भरला होता. तिथल्या डॉक्टरांनी सगळे उपाय केले. फेब्रुवारीच्या बावीस तारखेला मिनू गेली. "घरच्यांच्या काळजीत काहीच कमी नव्हती," डॉक्टर अंकुशला म्हणाले. "अंगात झुंजच नव्हती तिच्या."

बर्फ उकरून तिला डोंगराच्या पायथ्याशी पुरलं. वस्तीतल्या बायका रडत होत्या. सानिका ताठ उभी होती, सगळ्यांना चहा मिळाला का ते बघत होती. बायका आपसांत कुजबुजल्या, दगड झालीये. अंकुशनं ते ऐकलं.

महिनाभर तो एकटाच रडला. गोठ्यामागे, पेट्यांपाशी, जेवता जेवता. सानिका त्याच्या पाठीवर हात ठेवून बसे, कारण असं करायचं असतं हे तिला माहीत होतं. शेवटी तो संशोधन केंद्रात गेला.

"ती गोळी बंद केली तर?" त्यानं विचारलं.

डॉ. सरपोतदारांचे डोळे सुजलेले होते. "महिन्याभरात सगळं पूर्ववत होईल. झीज पुन्हा सुरू होण्याचं आता काही कारण नाही. हृदय टिकेल. पण अंकुशराव, विचार करा. ओढ परत येईल तेव्हा ती जाणार कुणाकडे?"

तो घरी आला तो नको असं ठरवूनच. आहे ते बरं आहे. निदान एकजण तरी सुखात राहू दे. पण संध्याकाळी त्यानं सानिकाला सगळं सांगितलं, तेव्हा ती पोळ्या लाटता लाटता थांबली.

"बंद करते मी," ती म्हणाली.

"नको सानिका. नाही सोसायचं तुला."

"मला कळतंय हो, की मला वाईट वाटायला पाहिजे. नऊ वर्षं पोर माझ्या अंगाखांद्यावर होती आणि मला काही होत नाही. हे बरोबर नाही, एवढं मला कळतं. तुम्ही घे म्हणालात तेव्हा मी घेतली. आता मी म्हणते, बंद."

त्या दिवसापासून तो तिच्याकडे चोरून बघू लागला. एक आठवडा गेला, दोन गेले. ती नेहमीसारखीच होती. खालच्या बागा फुलायला लागल्या. अंकुशनं पेट्यांमधल्या शिशिरपट्ट्या काढून टाकल्या. यंदा साठच्या साठ पेट्या जगल्या होत्या. पाचव्या दिवशी त्यानं एक चौकट वर काढली, तर हिवाळाभर आपल्याच अळ्या बाहेर फेकणाऱ्या माशा नव्या अळ्यांवर ओणवून त्यांना भरवत होत्या. त्यांना काही आठवत नव्हतं. डॉक्टरांचं शास्त्र शंभर टक्के खरं होतं. फक्त ते माशांवर शोधलेलं होतं.

घराकडून सानिका येताना दिसली. ती चालत नव्हती, धावतही नव्हती. उतारावर पाय सापडत नसल्यासारखी येत होती. तिच्या हाताला पीठ होतं. अंकुशनं चौकट घाईनं आत ठेवली.

"अहो, मला ऐकू येत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं. मला सगळं ऐकू येत होतं हो. मॅडमनी सांगितलेलं ना, ऐकू येईल म्हणून." तिनं त्याचा सदरा मुठीत धरला. "दहा डिसेंबरला दुपारी तिनं तीनदा हाक मारली. मी भांडी घासत होते. तहान लागलेली तिला. तो तहानेचा आवाज होता, मला कळलं होतं. पाण्याची वेळ चारची, म्हणून मी उठले नाही. अकराला सकाळी तिला काही नको होतं. नुसतं, मी आहे का ते बघत होती. मी कणीक मळत होते. दुपारी पाठीखाली चादरीची घडी आलेली, ती टोचत होती तिला..."

"सानिका, पुरे."

"नाही हो, ऐका. तुम्ही तरी ऐका."

तो खाली बसला. तिला धरून बसला. ती रडत नव्हती अजून; एकेक दिवस, एकेक हाक, कशाची होती आणि आपण तेव्हा काय करत होतो, ते काही न गाळता सांगत होती. बाजूला साठ पेट्या गुणगुणत होत्या. ऊन कलून समोरच्या कड्याआड गेलं, हवा गार झाली, तिचा आवाज बसला, तरी ती थांबली नाही. ती अजून डिसेंबरातच होती.